सुबियाको : जिथून सगळे निघून गेले

सुबियाकोला आगगाडी जात नाही. रोमच्या मेट्रोची ‘बी’ मार्गिका धरायची, पोंते माम्मोलो स्थानकावर उतरायचं आणि बाहेरच्या स्थानकावरून कोत्रालची निळी बस पकडायची. शहराच्या कडेची गोदामं मागे पडली की आनिएने नदीचं खोरं सुरू होतं. डोंगर हळूहळू अंगावर येऊ लागतात, नदी खोल खोल जाते आणि तास-सव्वा तासाने एका टेकडीला बिलगून वर चढत गेलेली करड्या रंगाची घरं दिसतात. टेकडीच्या माथ्यावर गढी आहे आणि मागे सिम्ब्रुईनी पर्वताची रांग. रोमपासून अंतर सुमारे 70 किलोमीटर आणि उंची समुद्रसपाटीपासून 400 मीटरच्या जरा वर.

इटलीत अशी डोंगरगावं शेकड्यांनी आहेत आणि त्यांतली बरीच सुबियाकोपेक्षा देखणी आहेत, हे आधीच सांगून टाकतो. सान जिमिन्यानोचे मनोरे इथे नाहीत, ओर्विएतोच्या कॅथीड्रलची झळाळीही नाही. तरीही मध्ययुगीन मठ आणि त्याच्या पायथ्याचं गाव म्हणजे काय, हे समजून घ्यायचं असेल तर मी याच गावाचं नाव घेईन. पश्चिम युरोपातल्या ख्रिस्ती मठजीवनाची घडी जिथे बसायला लागली ते हे गाव. छपाईची तारीख असलेलं इटलीतलं पहिलं पुस्तक निघालं ते इथेच. पण इथे जे जे सुरू झालं ते इथे फार काळ राहिलं नाही. संत निघून गेला, मुद्रक निघून गेले, वास्तुकार थेट रशियात गेला. नदीचं पाणीसुद्धा रोमने पळवलं. नाव दुसऱ्या गावांचं झालं आणि सुबियाको मागे राहिलं. आज ते इतकं अस्सल उरलं आहे, त्याचं कारण बहुधा हेच असावं.

गोष्ट पाण्यापासून सुरू करायला हवी. प्राचीन रोमच्या चार मोठ्या जलवाहिन्या आनिएनेच्या खोऱ्यातून निघत होत्या. त्यांतली सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी 272 मध्ये सुरू झाली. इसवी सनापूर्वी 144 मध्ये ‘आक्वा मार्चिया’चं काम निघालं आणि तिच्या थंडगार पाण्याचं रोमला पुढे शतकानुशतकं कौतुक होतं. खोऱ्यातल्या त्याच झऱ्यांचं पाणी नव्या वाहिनीने पुन्हा रोमला आणलं ते पोप नववा पायस याने, सप्टेंबर 1870 मध्ये. उद्घाटनाला दहा दिवस होताहेत तोच इटलीचं सैन्य रोममध्ये शिरलं आणि पोपची राजसत्ता संपली. पोपचं राज्य गेलं. पाणी मात्र अजून वाहतं आहे.

या घळीचं वेड नीरोला लागलं. त्याने इथे नदीवर बांध घालून ओळीने तळी तयार करवली आणि त्यांच्या काठी हवेल्या उठवल्या. सुबियाको हे नावही तिथूनच, ‘तळ्यांखालचं’ या लॅटिन शब्दावरून आलं. त्या बांधांपैकी मोठं धरण सुमारे 40 मीटर उंच होतं. रोमन जगात याहून उंच धरण बांधलं गेल्याचं माहीत नाही, आणि ते बांधलं होतं शेतीसाठी नव्हे तर बादशहाला जेवताना पाणी दिसावं म्हणून. टॅसिटस या इतिहासकाराने इथल्याच एका जेवणाचा प्रसंग नोंदवला आहे. इसवी सन 60 मध्ये नीरो जेवत असताना वीज पडली, ताटं उडाली आणि मेज दुभंगलं. लोकांनी याचा अर्थ बादशहा बदलणार असा लावला. रुबेलियस प्लॉटस या खानदानी माणसाकडे बोट दाखवलं गेलं, कारण वीज पडली ती जागा त्याच्या वडलांच्या मूळ गावाच्या बाजूला होती. नीरोने त्याला गोड शब्दांत आशियातल्या जमिनीवर जाऊन राहायला सुचवलं आणि दोन वर्षांनी मारेकरी पाठवले. पुढे ट्राजान बादशहाने रोमची एक गढूळ जलवाहिनी सुधारण्यासाठी तिचं तोंड नीरोच्या हवेलीवरच्या तळ्यापाशी हलवलं. तळ्यात गाळ खाली बसायचा आणि पाणी निवळ मिळायचं. चैनीसाठी बांधलेलं धरण अशा रीतीने शहराच्या कामी आलं.

धरण टिकलं 1305 पर्यंत. त्या वर्षी ते फुटलं. शेतात पाणी चढू नये म्हणून दोन भिक्षूंनी बांधाचे दगड काढले आणि त्यातून घात झाला, असं सांगतात. आज नीरोच्या हवेलीच्या विटांच्या भिंती मठाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत दिसतात. एकोणिसाव्या शतकात तिथे खोदकाम झालं तेव्हा एका तरुणाचा मस्तक नसलेला संगमरवरी पुतळा हाती लागला. ‘सुबियाकोचा तरुण’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. तो कुठे आहे, हे विचारायची गरज नाही. रोममध्ये, राष्ट्रीय संग्रहालयात.

नीरोनंतर जवळजवळ साडेचारशे वर्षांनी, इसवी सन 500 च्या सुमारास, या ओसाड तळ्यांकडे एक तरुण आला. नुर्सियाचा बेनेडिक्ट. घरचा बरा, शिकायला रोमला पाठवलेला. तिथलं वातावरण पाहून त्याने शिक्षण सोडलं आणि आपल्या दाईला बरोबर घेऊन जवळच्या आफिले या गावी राहायला गेला. दाईने शेजारणीकडून धान्य चाळायचं पात्र मागून आणलं होतं, ते पडून दुभंगलं. ती रडायला लागली, तेव्हा बेनेडिक्टने प्रार्थना केली आणि पात्र सांधलं गेलं, अशी कथा आहे. गावकऱ्यांनी ते चर्चच्या दारावर टांगलं आणि या पोराकडे बघायला माणसं जमू लागली. झालं, बेनेडिक्टने गाव सोडलं. दाईलाही न सांगता तो सुबियाकोच्या कड्यातल्या एका गुहेत जाऊन बसला.

हे सगळं आपल्याला कळतं ते पोप ग्रेगरी पहिला याच्या ‘संवाद’ या ग्रंथातून. तो लिहिला गेला इसवी सन 593 च्या सुमारास, म्हणजे बेनेडिक्टच्या मृत्यूनंतर चार-साडेचार दशकांनी. दुसरा समकालीन पुरावा जवळजवळ नाहीच. पण ग्रेगरीने आपल्याला माहिती देणाऱ्या चार शिष्यांची नावं सांगितली आहेत आणि त्यांतला होनोरातुस त्या वेळी खुद्द सुबियाकोचा मठ सांभाळत होता. तेव्हा चमत्कार बाजूला ठेवले तरी कथेतली जागा आणि माणसं हवेतली नाहीत. मला तर चमत्कारांपेक्षा त्यांच्या कडेचे बारीक तपशीलच जास्त खरे वाटतात.

उदाहरणार्थ, भाकरीचा दोर. कड्याच्या वर एक मठ होता. तिथला रोमानुस नावाचा भिक्षू आपल्या वाट्यातली भाकरी वाचवून दोराने खाली सोडायचा. गुहेपर्यंत वाट नव्हती, म्हणून दोराला घंटा बांधलेली. ती वाजली की बेनेडिक्टने बाहेर यायचं. सैतानाने दगड मारून घंटा फोडली, असं ग्रेगरी सांगतो. बेनेडिक्ट तिथे तीन वर्षं राहिला. एका धर्मगुरूने त्याला शोधून काढलं आणि आज ईस्टर आहे, एकत्र जेवू या, असं सांगितलं, तेव्हा बेनेडिक्टला तो दिवस ईस्टरचा आहे याचा पत्ताच नव्हता. पुढे मेंढपाळांनी त्याला झुडपांत पाहिलं आणि अंगावरच्या कातड्यांमुळे आधी जनावर समजले.

एकांताला गेलेल्या माणसामागे गर्दी कशी लागते, ही तर पुढची सगळी गोष्ट. खोऱ्यात खालच्या अंगाला विकोवारो इथल्या भिक्षूंनी त्याला आग्रहाने आपला प्रमुख केलं. त्याची शिस्त सोसेना, तेव्हा त्याच्या मद्यात विष घातलं. त्याने आशीर्वादासाठी हात उचलताच पेला फुटला. बेनेडिक्ट शांतपणे उठून गुहेत परतला. मग माणसं त्याच्याकडे यायला लागली आणि त्याने तळ्यांच्या आसपास बारा छोटे मठ उभे केले, प्रत्येकात बारा भिक्षू. रोमच्या सरदारांची मुलं तिथे शिकायला येऊ लागली. प्लासिदुस नावाचा पोरगा पाणी आणायला गेला आणि तळ्यात पडला, तेव्हा माउरुस पाण्यावरून धावत जाऊन त्याला घेऊन आला, ही कथा चित्रकारांची फार आवडती. ते तळं नीरोचं. तळ्याकाठी झुडपं तोडणाऱ्या एका गॉथ माणसाच्या कोयत्याचं पातं पाण्यात उडालं आणि बेनेडिक्टने ते परत मिळवून दिलं, हीसुद्धा तिथलीच गोष्ट. जेत्यांच्या जमातीतला एक गरीब, अवजार हरवलं म्हणून घाबरलेला माणूस या कथेत आहे. सहाव्या शतकातल्या इटलीचं याहून नेमकं चित्र मला ठाऊक नाही.

जायची वेळ आली ती शेजाऱ्यामुळे. फ्लोरेंतिउस नावाच्या धर्मगुरूला बेनेडिक्टची कीर्ती बघवेना. त्याने विषारी भाकरी पाठवली, ती एका कावळ्याने दूर नेऊन टाकली. मग त्याने भिक्षूंची मनं चळावीत म्हणून सात मुलींना मठाच्या बागेत नाचायला धाडलं. बेनेडिक्टने वाद घातला नाही. थोडी माणसं घेऊन तो निघाला. वाटेत बातमी आली की सज्जा कोसळून फ्लोरेंतिउस मेला. बातमी सांगणाऱ्या माउरुसला आनंद झालेला पाहून बेनेडिक्टने त्यालाच प्रायश्चित्त दिलं. परंपरेप्रमाणे हे वर्ष 529. दक्षिणेला मोन्ते कासिनोवर त्याने नवा मठ बांधला आणि तिथे आपली 73 प्रकरणांची नियमावली लिहिली. किती झोपायचं, किती वाचायचं, किती राबायचं, दिवसाला किती भाकरी आणि किती मद्य, आलेल्या पाहुण्याशी कसं वागायचं, सगळं तीत आहे. पुढे युरोपभरच्या मठांनी ती स्वीकारली. 1964 मध्ये पोप सहावा पॉल याने बेनेडिक्टला युरोपचा पालक संत जाहीर केलं, तेही मोन्ते कासिनोहून. नियमावलीतल्या अनुभवाची शाळा मात्र सुबियाको होती. विष घालणारे भिक्षू आणि जळणारे शेजारी पाहिलेल्या माणसाने लिहिलेली म्हणूनच ती इतकी समंजस आहे.

बारा मठांपैकी एकच टिकून राहिला. बेनेडिक्टच्या बहिणीचं, सांता स्कोलास्तिकाचं नाव त्याला पुढे मिळालं. नवव्या शतकात अरब टोळ्यांनी तो लुटला आणि दहाव्यात मॅग्यारांनी. त्यानंतर उभं राहिलं ते आज आपण पाहतो. गावातून रस्ता नदीच्या कडेने वर चढतो. नीरोचे अवशेष ओलांडले की मठ येतो. चालायची सवय असेल तर चालतच जावं. दारावर ‘प्रार्थना करा आणि राबा’ या अर्थाचे लॅटिन शब्द कोरलेले आहेत. ते बेनेडिक्टचे म्हणून सांगितले जातात, पण त्याच्या नियमावलीत हे वाक्य कुठेही नाही. दर्शनी भागही जुना नव्हे. 1944 च्या बॉम्बवर्षावात तो पडला आणि युद्धानंतर पुन्हा बांधला गेला.

आत तीन चौक आहेत, एकामागून एक, आणि तुम्ही जसजसे आत जाता तसतसे काळात मागे जाता. पहिला सोळाव्या शतकातला, सरळ आणि थोडा कोरडा. दुसरा गॉथिक, टोकदार कमानींचा. तिसरा तेराव्या शतकातला, कोस्माती घराण्याच्या तीन पिढ्यांनी मिळून केलेला. संगमरवराचे बारीक खांब, काही एकेरी, काही जोडीचे, काही दोरासारखे पिळलेले. रोमच्या पडक्या इमारतींतला संगमरवर कापून त्यातून नवी कलाकुसर काढणं हा या घराण्याचा पिढीजात धंदा. आजोबा, मुलगा, नातू यांची नावं इथल्या दगडावर कोरलेली आहेत. कारागिराने सही ठेवावी आणि ती आठशे वर्षं टिकावी, हे मध्ययुगात नेहमी घडत नसे. शेजारी अकराव्या शतकातला घंटेचा मनोरा उभा आहे.

मनोऱ्याकडून चर्चमध्ये शिरलात की मात्र धक्का बसतो. आत सगळं पांढरं, मोकळं, मोजूनमापून केलेलं. जाकोमो क्वारेंगी या बेर्गामोकडच्या तरुणाने 1770 च्या दशकात हे चर्च नव्याने घडवलं. इटलीतलं त्याचं नाव घेण्याजोगं काम हे एवढंच. त्यानंतर कॅथरीन राणीच्या बोलावण्यावरून तो सेंट पीटर्सबर्गला गेला आणि हर्मिटाजचं नाट्यगृह, स्मोल्नी संस्था अशा इमारती उठवून त्या शहराचा चेहराच ठरवून बसला. मला स्वतःला हे चर्च फारसं भिडत नाही. कोस्मातींच्या चौकातून आल्यावर ते कचेरीसारखं वाटतं.

पण सांता स्कोलास्तिकाला जाण्याचं माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण चौक नाहीत आणि चर्चही नाही. कारण आहे शिशाचे खिळे.

पंधराव्या शतकाच्या मध्याला मठात जर्मन भिक्षूंचा भरणा होता. माइन्झमध्ये गुटेनबर्गचं बायबल 1455 च्या सुमारास निघालं होतं. 1462 मध्ये माइन्झ शहर लुटलं गेलं आणि तिथले मुद्रक पोटासाठी चहूकडे पांगले. कोनराट स्वाइनहाइम आणि आर्नोल्ट पानार्ट्झ हे दोन जर्मन पाद्री आल्प्स ओलांडून सुबियाकोला आले आणि मठात त्यांनी छापखाना घातला. त्या काळी मठाचा मुख्य म्हणून हुआन दे तोर्केमादा या स्पॅनिश कार्डिनलचं नाव लागत होतं. स्पेनच्या धर्मन्यायसभेचा कुप्रसिद्ध तोर्केमादा तो हा नव्हे. हा त्याचा काका.

आधी त्यांनी दोनातुसचं शाळकरी लॅटिन व्याकरण छापलं. 300 प्रती काढल्या होत्या. आज एकही उपलब्ध नाही. पोरांनी वापरून फाडून टाकल्या असणार, आणि पाठ्यपुस्तकाचं सार्थक त्यातच आहे. मग सिसेरोचा वक्तृत्वावरचा ग्रंथ आला. त्यावर तारीख नाही, पण एका प्रतीत वाचकाने हाताने 30 सप्टेंबर 1465 अशी नोंद करून ठेवली आहे, म्हणून तो त्याआधीचा हे कळतं. त्यानंतर लाक्तान्तिउस या ख्रिस्ती लेखकाचे ग्रंथ निघाले, छापील तारीख 29 ऑक्टोबर 1465. छपाईची तारीख असलेलं इटलीतलं पहिलं पुस्तक ते हे. 12 जून 1467 ला संत ऑगस्टीनचा ‘ईश्वराचं नगर’ हा भलामोठा ग्रंथ बाहेर पडला. प्रत्येकाच्या प्रती 275.

या पुस्तकांची खरी गंमत अक्षरांत आहे. जर्मनीतली छपाई काळ्या, जाड, टोकदार गॉथिक वळणाची. इटलीतल्या विद्वानांना ते वळण रानटी वाटायचं; त्यांच्या लेखनिकांचं हस्ताक्षर गोल, मोकळं, प्राचीन शिलालेखांवरच्या मोठ्या अक्षरांशी नातं सांगणारं. स्वाइनहाइम आणि पानार्ट्झ यांनी ते पाहिलं आणि खिळे नव्याने कोरले. सुबियाकोचं अक्षर ना धड गॉथिक, ना धड रोमन. मधल्या वाटेवर उभं आहे. लाक्तान्तिउसमधल्या ग्रीक अवतरणांसाठी त्यांनी ग्रीक खिळेही पाडले. आज आपण ज्याला सहज ‘रोमन अक्षर’ म्हणतो त्याच्या छापील घडणीची पहिली पावलं या मठात पडलेली आहेत. 1902 मध्ये इंग्लंडच्या ॲशेन्डीन प्रेसने याच अक्षरावरून नवा टंक करवून घेतला आणि त्याला नावही ‘सुबियाको’ असंच दिलं.

मराठीपर्यंतही या वळणाची वाट येते. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं ते रोमन खिळ्यांत, कारण देवनागरी खिळे तिथे नव्हते. मराठीतल्या त्या पहिल्या मोठ्या छापील काव्याने जे अक्षर अंगावर घातलं, त्या अक्षराची कुळकथा मागे मागे नेली तर आनिएनेच्या या घळीजवळूनच जाते.

मुद्रकांचं पुढे काय झालं? तेच. 1467 मध्ये त्यांनी बिऱ्हाड हलवलं आणि रोममध्ये मास्सिमो बंधूंच्या घरी छापखाना थाटला. तिथे त्यांचं अक्षर आणखी रोमन झालं, पुस्तकं भराभर निघू लागली आणि धंदा बुडाला. छापणं जमलं, पण विकणं जमेना. 1472 मध्ये त्यांचे संपादक बिशप बुस्सी यांनी पोप चौथा सिक्स्टस याच्याकडे मदतीचा अर्ज केला. घर न विकलेल्या फर्म्यांनी भरलं आहे आणि खायला काही नाही, असा त्याचा आशय. अर्जासोबत तोवर छापलेल्या पुस्तकांची यादी जोडलेली होती. सगळ्या मिळून प्रती दहा हजारांहून अधिक भरतात. दोनातुसच्या 300 प्रती आणि बाकीच्यांच्या 275 हे आकडे आपल्याला कळतात ते या रडगाण्यामुळेच. आजच्या मराठी प्रकाशकाने हा अर्ज वाचला तर फक्त तारीख बदलून सही करावीशी वाटेल.

मठाचं ग्रंथालय आज सरकारी मालकीचं आहे, देखभाल भिक्षूंकडे. गावातल्या गढीत कागद आणि छपाईचं संग्रहालयही आहे.

सांता स्कोलास्तिकापासून आणखी वर, ओकच्या झाडीतून, ‘साक्रो स्पेको’ म्हणजे पवित्र गुहेचा मठ. दमछाक होते, पण चढ फार लांब नाही. इथे कड्याला मठ टेकवलेला नाही, तर कडाच मठात शिरला आहे. भिंत म्हणून हात लावावा तर तो डोंगर निघतो. एकावर एक दोन चर्चं, त्यांना जोडणारे जिने, जिन्यांच्या वळणांवर कोनाडे आणि छोटी देवघरं, आणि जिथे गिलावा बसेल तिथे चित्रं. सरळ जमिनीचा हात-दोन हात तुकडासुद्धा इथे मिळवावा लागलेला आहे.

वरच्या चर्चमध्ये चौदाव्या शतकातली सिएनाच्या चित्रकारांची कामं आहेत, ख्रिस्ताच्या यातनांची. ती उत्तम आहेत. पण घाईत असाल तर त्यांना नमस्कार करून खालच्या चर्चमध्ये उतरा. तिथे मागिस्टर कोन्सोलुस या तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या चित्रकाराने बेनेडिक्टची कथा रंगवली आहे. वर रोमानुस दोर सोडतो आहे, खाली बेनेडिक्ट हात पुढे करून उभा आहे आणि मध्ये सैतान घंटेवर नेम धरून आहे. दाईचं फुटलेलं पात्र, विषाचा पेला, पाण्यात पडलेला प्लासिदुस, सगळं इथे सापडतं. कथा जिथे घडली म्हणतात त्याच खडकावर ती रंगवलेली आहे, ही सोय युरोपात फार कमी ठिकाणी आहे. गुहेत बेनेडिक्टचा तरुणपणातला संगमरवरी पुतळा आहे, आंतोनिओ राज्जी या बेर्निनीच्या शिष्याने 1657 मध्ये केलेला. तिथून उतरणाऱ्या पायऱ्यांच्या भिंतीवर मृत्यूचा विजय रंगवला आहे. घोड्यावर बसलेला सांगाडा ऐन उमेदीतल्या तरुणांवर तलवार चालवतो आहे आणि मागे, नेऊ दे म्हणून विनवणाऱ्या थकलेल्या म्हाताऱ्यांकडे ढुंकूनही पाहत नाही.

सर्वांत जास्त वेळ मात्र संत ग्रेगरीच्या छोट्या देवघरासाठी राखून ठेवा. तिथल्या भिंतीवर राखाडी झग्यातला, डोक्यावर टोपडं घेतलेला, किंचित तिरक्या नजरेचा एक दाढीवाला भिक्षू आहे. शेजारी लॅटिनमध्ये लिहिलं आहे, ‘भाऊ फ्रान्सिस’. संत नाही, भाऊ. डोक्यामागे तेजोवलय नाही, हातांवर जखमा नाहीत. असिसीच्या फ्रान्सिसच्या अंगावर ख्रिस्तासारख्या जखमा उमटल्या त्या 1224 मध्ये, असं परंपरा सांगते. त्याला संतपद मिळालं जुलै 1228 मध्ये. तेव्हा हे चित्र त्याआधीचं, कदाचित त्याला प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने काढलेलं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. काहींना ते मान्य नाही. भिक्षू नंतरही साध्या वेषात रंगवता येतो, असं ते म्हणतात. मी पहिल्या बाजूचा आहे. असिसीच्या मोठ्या चर्चमधला फ्रान्सिस संत म्हणून भिंतीवर चढलेला आहे. हा मात्र नुकताच डोंगर चढून आलेला पाहुणा दिसतो. खाली गुलाबांची लहानशी बाग आहे. वासनेवर मात करायला बेनेडिक्टने ज्या काटेरी झुडपात अंग झोकून दिलं, त्याला फ्रान्सिसच्या भेटीत गुलाब आले, असं भाविक सांगतात.

खाली गावात परतताना आनिएनेवरचा संत फ्रान्सिसच्या नावाचा पूल पाहून घ्या. चौदाव्या शतकातला, एकाच उंच कमानीचा, टोकाला पहाऱ्याचा बुरूज. शेजारच्या तिवोलीशी झालेल्या लढाईतल्या विजयानंतर तो बांधला. मठाचे प्रमुख त्या काळी लढाया करत, कर घेत आणि माथ्यावरच्या गढीतून गावावर राज्य करत. 1450 च्या दशकापासून पोपने हे पद मर्जीतल्या कार्डिनलांना आयतं इनाम म्हणून द्यायला सुरुवात केली. भिक्षूंनी प्रार्थना करायची आणि उत्पन्न कार्डिनलने खायचं. तोर्केमादानंतर ते रोद्रिगो बोर्जाला मिळालं, पुढचा पोप सहावा अलेक्झांडर. त्याने गढी भक्कम केली. त्याची मुलगी लुक्रेत्सिया 1480 मध्ये इथेच जन्मली. अठराव्या शतकात ब्रास्की नावाचा कार्डिनल मठाचा प्रमुख होता. 1775 मध्ये तो सहावा पायस म्हणून पोप झाला, तेव्हा त्याने गावावर पैशांचा पाऊस पाडला. गावाच्या वेशीवरची विजयकमान आणि संत आंद्रेयाचं मोठं चर्च ही त्याच्या काळची कामं. तो स्वतः 1799 मध्ये फ्रेंचांच्या कैदेत वालान्सला वारला. चित्रपटतारका जीना लोलोब्रिजिदा याच गावची, जन्म 1927. ती जगभर गाजली आणि 2023 मध्ये दफनासाठी परत आली. निघून जाणाऱ्यांच्या यादीत परतलेलं हे ठळक नाव.

आणखी एक योगायोग. 1 एप्रिल 2005 ला कार्डिनल रात्सिंगर यांनी सांता स्कोलास्तिकात युरोपच्या संकटावर व्याख्यान दिलं. दुसऱ्या दिवशी पोप दुसरे जॉन पॉल वारले. त्याच महिन्याच्या 19 तारखेला रात्सिंगर पोप झाले आणि त्यांनी नाव घेतलं बेनेडिक्ट.

प्रवासी बहुधा विचारतात, बेनेडिक्टच पाहायचा तर मोन्ते कासिनोला का जाऊ नये? जावं. पण तिथला मठ 15 फेब्रुवारी 1944 ला दोस्तांच्या विमानांनी जमीनदोस्त केला आणि आज दिसतो तो त्यानंतर जुन्या आराखड्यावर उभारलेला आहे. मराठी माणसाने कासिनोला जायचं ते वेगळ्या कारणासाठी. डोंगराच्या पायथ्याच्या राष्ट्रकुल युद्धस्मारकावर, ज्यांची कबर माहीत नाही अशा सैनिकांच्या नावांत, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांचं नाव आहे. 10 जुलै 1944 ला तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते नाव शोधून तिथे दोन मिनिटं उभं राहावं. मध्ययुग पाहायला मात्र सुबियाको गाठावं.

जायचंच असेल तर सकाळची लवकरची बस धरा. दुपारी दोन्ही मठांची दारं काही तास बंद असतात आणि उशिरा पोचलात तर नेमके तेच तास रस्त्यावर काढावे लागतील. आधी नीरोचे अवशेष, मग सांता स्कोलास्तिका, मग गुहा, आणि गाव परतीच्या वाटेवर, असा क्रम ठेवा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, पायऱ्यांसाठी चांगले बूट, आणि भित्तिचित्रांसाठी छोटी दुर्बीण असेल तर उत्तम. रविवारी बस कमी असतात. परतीची शेवटची वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.